कवेलूंतला उजेड

बाबा, आज दिवसभर मी एका फुग्याच्या पोटात होतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हे का काम आहे का बे?" पण कामच आहे. जामुलच्या सिमेंट कारखान्यात मी रबरी पट्टे सांधायचो, ते तुम्ही पाहिलं होतं. त्याच हाताच्या भरवशावर आता एका लहानशा कंपनीच्या शेडमध्ये आकाशात सोडायच्या जहाजाचं कापड सांधतो. जहाज म्हणजे दोन मजली घराएवढा लांबट फुगा. त्यात माणूस बसत नाही. विमानं जातात त्याच्याही वर, ढगांच्या पलीकडे तो आठवडेच्या आठवडे तरंगत राहणार, दिवसा उन्हावर आणि रात्री बॅटरीवर. कुठं पूर आला, कुठं जंगल पेटलं, ते खाली कळवणार. कापडात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी वायू झिरपतो आणि जहाज हळूहळू खाली येतं. वर जाऊन बुजवणारं कोणी नाही, म्हणून जे शोधायचं ते इथंच.

कसं शोधतात ते ऐकून तुम्ही हसाल. फुग्यात साधी हवा भरतात, बाहेर मोठे दिवे लावतात आणि एक माणूस आत जातो. किल्ल्या, अंगठी, चपला बाहेर ठेवायच्या आणि देवळात शिरताना वाकतो तसं वाकून शिरायचं. आत मिट्ट काळोख. डोळे सरावले की छिद्र असेल तिथं उजेडाचा ठिपका दिसतो. टोकाला कापूस बांधलेल्या काठीनं तिथं हलकेच दाबायचं. बाहेरचा माणूस त्या जागी हात ठेवतो आणि खूण करतो. पहिल्या दिवशी साहेब हे समजावत होते तेव्हा मी नुसता ऐकत राहिलो. मला हे येत होतं.

आपलं गाव, उन्हाळा संपत आलेला. तुम्ही भिलाईच्या नोकरीतून सुटी काढून कवेलू फेरायला, पावसाआधी छपराची कौलं नीट बसवायला, आला आहात. दारं-खिडक्या लावून मी आत उभा आहे, हातात छिद्रं दाखवायला तुराटीची काडी. तुम्ही छपरावर.

"कुठं दिसून राहिलं?"

"थोडं वर, बाबा."

"आता?"

"अजून दिसते."

मी क्षणभर गप्प झालो की वरून आवाज येतो, "झोपला का बे? आवाज तर दे! सांगितल्याबिगर समजाले मी का देव आहो?"

मग तुमचा पंजा येतो, ठिपका विझतो आणि माझ्या डोळ्यात माती पडते. तुम्ही पोळ्याला यायचे ते पाहुण्यासारखे. माझ्याशी तुमचं जे काही बोलणं झालं, ते छपराच्या वरून. एका वर्षी मी भराभर सगळी छिद्रं दाखवली. खाली उतरून तुम्ही आईला म्हणालात, "पोट्ट्याचे डोळे बरे आहेत. एक दिवस वाचला." तो वाचलेला दिवस घेऊन तुम्ही संध्याकाळच्याच गाडीनं भिलाईला परत गेलात. मी शाबासकीनं फुगलो होतो. तुम्ही गाडी धरल्याचं मागून कळलं.

आता मी इथं भिलाईतच, रुआबांध्यात, एकटाच राहतो. तुमची सून गेली. तुमचा नातू पुण्याला आहे, फोनवर हिंदीत बोलतो, प्रेमानं बोलतो. घरात मराठी ऐकू येते ती सकाळी देवापुढे दिवा लावताना, माझीच.

आज तपासणीचा शेवटचा दिवस होता. उद्या ट्रक येईल आणि फुगा उडवायच्या मैदानावर जाईल. बाहेर दुर्गची एक इंजिनियर मुलगी होती. तिची हाक आली, "काका, सो गए क्या?"

मी काठी टेकवली. "थोडं वर."

"क्या बोले?"

"थोड़ा ऊपर, बेटी."

तिचा तळवा आला. ठिपका विझला. डोळ्यात काही पडलं नाही.

"और है, काका?"

"नहीं. हो गया."

बाहेर टाळ्या वाजल्या. मी काळोखात तसाच उभा होतो. वर गेल्यावर हा एवढा मोठा फुगा आतून असाच राहणार, आवाज द्यायला कोणी नसलेला.

देवाला सांगावं लागत नाही, म्हणून दिवा लावून मी गप्प बसतो. तुम्हाला मात्र सांगावं लागतं, तुम्हीच तसं म्हणाला होता. म्हणून हा कागद, जो कुठल्याच डाकेत पडणार नाही. तर सांगतो. तो शेवटचा ठिपका मला तिच्या हाकेच्या बऱ्याच आधी दिसला होता. मी काठी खाली धरून त्याच्याकडे बघत उभा राहिलो. या वेळी मी घाई केली नाही, बाबा.