घड्याळवाल्या आजोबांचे डोळे

गुरुवार, ७ फेब्रुवारी

खोटं बोललो. तेही आठ वर्षांच्या पोरीशी!

जवळच्या शाळेतली तिसरीची मुलं आज आली होती. आता दर गुरुवारी येणार म्हणे, वृद्धाश्रमातल्या आम्हा म्हाताऱ्यांची बारीकसारीक कामं करायला. त्यांच्या शाळेच्या बाईंनी एकेकाला एकेक मूल वाटून दिलं. शेजारच्या खाटेवरच्या कंडक्टरने "मला काही नको, मी ठणठणीत आहे" म्हणून भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्यापुढे दोन वेण्यांची एक मुलगी हात मागे बांधून उभी. "आजोबा, तुमचं काय काम आहे?" माझं कसलं काम! पण तसं म्हटलं असतं तर गेली असती पुढच्या खोलीत. तोंडातून निघून गेलं — "डोळे गेले गं माझे. पेपर वाचून दाखवशील?"

चष्मा उशीखाली होता, नशीब.

तिने सगळा पेपर वाचला. हवामान, हरवलेला कुत्रा, भाड्याने देणे असलेलं दुकान — काही म्हणून सोडलं नाही. आवाज खणखणीत, पार जिन्यापर्यंत ऐकू जाणारा. मी तिचं नाव रेडिओ ठेवलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

सगळ्यांना पटलं! "चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, डोळे जाणारच," असं स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या. केसाएवढी स्प्रिंग मी अजून चिमट्याने उचलीन, पण बोलतो कुणाला? ही वही आता दुपारीच लिहायची, कंडक्टर पाठ करून झोपतो तेव्हा.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

रेडिओने आज गोष्टीचं पुस्तक आणलं होतं. अडली की मागे जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मधेच विचारलं, "आजोबा, मी तरी दिसते का तुम्हाला?"

"धूसर," म्हटलं.

पुढचा एक दात पडलाय. हनुवटीवर शाईचा डाग आहे. डाव्या वेणीची रिबीन सुटत आली होती, ती बांधावीशी वाटत होती. हात मांडीवर दाबून बसलो.

ही जाऊन सहा वर्षं झाली. मुलाचा फोन महिन्यातून एकदा, कामापुरता. सहा वर्षांत माझ्यासमोर कुणी तासभर बसल्याचं आठवत नाही. चूक आहे, कळतंय. पण गुरुवार सोडवत नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

कंडक्टरला दिसत नाही!

चहा ओतताना बोट कपाच्या आत धरतो. जिना उतरताना पुटपुटतो — पायऱ्या मोजतो, सोळा झाल्या की वळतो. सकाळी पेपर तोंडासमोर धरून बसतो खरा, पण पान उलटतच नाही. बुबुळं पांढरट झालीत, मोतीबिंदू आहे सरळसरळ. मी सहज विचारलं तर अंगावर आला. "अरे घड्याळजी, चालत्या बसमध्ये तिकिटं फाडण्यात जन्म गेला माझा. मला सगळं दिसतं!"

कशाला लपवतोय ते ठाऊक आहे मला. ज्याला आपलं आपण जमत नाही, त्याला मॅनेजरबाई खालच्या वॉर्डात हलवतात. तिथून वर परत आलेलं कुणी पाहिलं नाही.

म्हणजे या खोलीत एक आंधळा डोळस बनलाय आणि एक डोळस आंधळा. चांगली जोडी जमलीय! आता त्याची पाठ नसली तरी मी निर्धास्त लिहितो. काय माणूस झालोय मी.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

आज रेडिओ नाचतच आली. "आजोबा, आमच्या वर्गाने ठरवलंय, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं!" पोरं सुट्टीच्या दिवशी लोकांच्या सायकली नि गाड्या धुणार आणि ते पैसे माझ्या डोळ्यांसाठी साठवणार. बाईंचे डोळे भरून आले होते. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, म्हातारा गहिवरला.

कंडक्टर भिंतीकडे तोंड करून पडला होता. रेडिओ गेल्यावर म्हणाला, "नशीबवान आहेस लेका." एवढंच.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

रेडिओची बोटं साबणाने सोलवटलीत. पुस्तकाचं पान धरताना सांभाळून धरत होती. दुखतंय का विचारायचीही सोय नाही — दिसलं कसं म्हणेल!

बाईंनी डॉक्टरांची तारीख घेतलीय, १२ मार्च. सांगायला हवं. मला नको, या शेजारच्याला न्या, एवढंच तर म्हणायचंय. दोनदा तोंड उघडलं. पण मग पुढच्या गुरुवारी माझ्यासमोर कोण बसेल? खोटारड्या म्हाताऱ्याला कोण वाचून दाखवतं?

पुढच्या गुरुवारी सांगेन. नक्की.

शनिवार, २ मार्च

मुलांनी जिन्याच्या वळणावर छोटं टेबल मांडलंय, आल्यागेल्याने पैसे टाकावेत म्हणून. वर पत्र्याचा डबा, डब्यावर रंगवलेले दोन मोठे डोळे, खाली लिहिलंय — 'घड्याळवाल्या आजोबांच्या डोळ्यांसाठी'.

टेबल बरोबर सोळाव्या पायरीनंतर आहे. कंडक्टर आज खाली उतरलेला नाही, त्याला ते माहीत नसणार. सांगायला हवं. पण कसं सांगू? "मला दिसतं" म्हणून पुन्हा भांडेल. सांगू संध्याकाळच्या चहाला.

सोमवार, ४ मार्च

कंडक्टर पडला.

चहाला सांगितलं नव्हतं मी. कालही नाही. सकाळी तो नेहमीसारखा पुटपुटत उतरला. मग टेबलाचा आवाज आला, आणि डबा खालपर्यंत खणखणत गेला.

खुबा मोडलाय. मॅनेजरबाईंनी त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारून पाहिली. "याला तर काहीच दिसत नव्हतं! तुम्ही एका खोलीत राहता, तुम्हाला कळलं नाही?"

मी म्हणालो, "नाही."

बुधवार, ६ मार्च

त्याला दवाखान्यातून आणून खालच्या वॉर्डात ठेवलंय. मी जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो.

गुरुवार, ७ मार्च

सांगितलं. बाई आणि रेडिओ दोघी असताना. उशीखालून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि तिच्या पुस्तकातल्या चार ओळी घडाघडा वाचल्या. पैसे कंडक्टरसाठी वापरा म्हणालो.

रेडिओ माझ्याकडे बघत राहिली. मग आपल्या बोटांकडे बघितलं. पुस्तक काढून घेतलं आणि गेली.

टेबलाचं मात्र सांगितलं नाही. पोरांना काय सांगणार? ते फक्त या वहीला माहीत.

गुरुवार, १४ मार्च

ती वर आली नाही. खालच्या वॉर्डातून तिचा आवाज येत होता. तीच गोष्ट, पहिल्यापासून. तो बरा होऊन उठला तरच डोळ्यांचं बघू, असं डॉक्टर म्हणालेत. मी वरच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं. उतरून त्याची माफी मागायला पाय उचलला नाही.

रविवार, १७ मार्च

कंडक्टर पहाटे गेला. शेवटी मी भेटलोच नाही.

गुरुवार, २१ मार्च

रेडिओ आली. खुर्चीवर बसली नाही, दारातच उभी. म्हणाली, "कंडक्टर आजोबांनी सांगितलं होतं, तुमच्यावर रागावू नको म्हणून. तुम्हाला दिसतं ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही रोज दुपारी लिहीत बसता ना? ते झोपायचेच नाहीत, त्यांना पेन ऐकू यायचं."

"मग बोलला का नाही कुणाला?"

"मीपण हेच विचारलं. तर म्हणाले, बोललो असतो तर तू वाचायला आली नसतीस. मलापण ऐकायचं होतं."

ती गेल्यावर वही उघडली. शेजारची खाट रिकामी आहे, गादी गुंडाळून ठेवलीय. लिहितोय तर पेन केवढ्याने करकरतंय! कुणालाही ऐकू जाईल असं. मलाच कधी ऐकू आलं नव्हतं.