तिसरा जबाब

३ मार्च
चौकशी कार्यालयाच्या अभिलेखागारात बसायला जागा मिळाली. खोली स्वच्छ, खिडकी पूर्वेला, टेबल माझ्या उंचीला साजेसे. निवृत्तीनंतर इतके प्रसन्न प्रथमच वाटले. आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तूंच्या तक्रारींची चौकशी सरकार कसे करते, यावर मी प्रबंध लिहीत आहे. खरे कारण ताई. तीस वर्षांपूर्वी तिलाही आकाशात काही दिसले; तिने याच कार्यालयात नियमाप्रमाणे तीन जबाब दिले. तिसऱ्यात सारे मागे घेतले. मी तिला खोटारडी म्हणालो. ती गेली, पण अबोला सुटला नाही. तिच्यावर दडपण आणले गेले, हे मला सिद्ध करायचे आहे.

अभिलेखपालांनी बजावले की पाने उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, स्पंज ठेवलाय. स्पंज करडा, बुळबुळीत, शेकडो बोटांनी चिवडलेला. मी माझी जीभच पसंत केली.

९ मार्च
दोनशे अकरा फायली झाल्या. पहिले दोन जबाब ज्याचे त्याचे. तिसरा सर्वांचा एकच: ‘मला काहीच दिसले नाही. मी सुखात आहे.’ अधिकाऱ्याने सांगून लिहवले म्हणावे, तर अधिकारी सात बदलले. वाक्य बदलले नाही. खालचे अंगठ्याचे ठसे अजून ओले आहेत. शेंबडासारखे.

१२ मार्च
ताईची फाईल. शेवटची पाने चिकटलेली. सवयीने बोट जिभेला लावून सोडवली. चव गोड. भडभडून ओकलो.
अभिलेखपाल म्हणाले, लावलीत ना थुंकी? अडाण्याला एकदा सांगितलं की पुरतं. प्राध्यापकाला कारण लागतं.

१४ मार्च
जिभेवर करडा थर. खरवडला; चमच्यात तो हलला. रीतसर तक्रार केली, पहिला जबाब दिला. अधिकाऱ्यांनी अदबीने खुर्ची पुढे केली. त्यांना सवय असावी.

१५ मार्च
दुसरा जबाब. शब्द माझे, पण कोणीतरी आधीच चघळलेले. किळस — स्वतःच्याच तोंडाची.
निष्कर्ष: ताईवर कोणी दडपण आणले नव्हते. ती खोटेही बोलली नव्हती.

१६ मार्च
तिसरा अकरा वाजता. जीभ आता माझी नाही, हात अजून माझा आहे — म्हणून आधी इथे —
ताई, तुझं खरं होतं. मी —
अंगठा ओला झालाय. घाई करतो. जे दिसले ते जसेच्या तसे —
मला काहीच दिस