बिस्किटावरचा ‘बा’

साखर पेठ, सोलापूर
३० जानेवारी २०२५

प्रिय महेश,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं, अप्पा आणि तुझी ही अक्का, बरे आहोत. अप्पांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तरी गड्ड्याच्या यात्रेत चालत जाऊन आले. येताना नातीसाठी लाकडी भोवरा आणला. तुझी उत्कर्षा आता भोवरा खेळायच्या वयाची राहिली नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. सोबत पाठवते आहे.

डब्यात बिस्किटं आहेत. बघून हसशील. शेंगांचा कूट, गूळ, कणीक, तूप, आणि आकार आपल्या मागावरच्या जकार्डच्या पुठ्ठ्याच्या कार्डाचा. लांबट, भोकाभोकांची. ऑफिसात वाट आणि सांग, तुमच्या कॉम्प्युटरचा खापरपणजोबा आमच्या मागावर बसलेला असायचा. भोक असेल तिथला धागा उचलायचा, नसेल तिथला सोडायचा, आणि चादरीवर मोर उठायचा. कॉलेजात हे शिकलास त्या दिवशी तू धापा टाकत घरी आला होतास. ‘अप्पा, आपल्या कारखान्यात कॉम्प्युटर हाय!’ अप्पा म्हणाले, ‘मग त्याच्यावरची धूळ पूस की.’

फाटकी कार्डं आपल्या वाटणीची असायची, आठवतं? उन्हात धरली की भिंतीवर चांदण्या पडायच्या. दाभणानं आपण त्यांवर आणखी भोकं पाडून एकमेकांना निरोप धाडायचो. बोलायचं कन्नड, पण शाळा मराठी, म्हणून कन्नड शब्द बाळबोध अक्षरात. मोठा निरोप कधी जमलाच नाही. एकच अक्षर यायचं, ‘बा’, कन्नडमधलं ‘ये’. म्हणजे अप्पा झोपलेत, बाहेर ये.

बिस्किटांवरही तेच काढलं. कच्ची होती तोवर सुरेख दिसत होतं. बेकरीत भाजायला नेली तर भट्टीवाले चाचा म्हणाले, ‘आपा, बिस्कुट की चाळणी कायको बनाए?’ ट्रे बाहेर आला आणि एक भोक शिल्लक नाही. गूळ पसरला, सगळं बुजलं. चाचा हसले, मी मात्र रडायच्या बेतात होते. दुसऱ्या ट्रेला भट्टीशेजारीच उभी राहिले आणि गरम असतानाच विणायच्या सुईनं भोकं पुन्हा पाडली. निम्मी मोडली. मोडकीही पाठवते, चव तीच आहे.

बिस्किटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं तुला वाटलं असेल. आता लिहितेच.

आपला कारखाना बंद होतो आहे. नऊ तारखेच्या रविवारी चारही माग जातील. अप्पांनी मला बजावलं आहे, ‘महेशला यातलं काय बोलायचं न्हाय.’ कारण तुला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी तू मागांना भंगार म्हणालास. ते म्हणाले, हे माग आहेत तोवर इथं पाऊल ठेवू नको. आणि तू खरंच ठेवलं नाहीस. आता भंगारवालाच येणार आहे. तू बरोबर ठरलास हे तुला कळू नये, एवढंच त्यांना हवं आहे.

त्यांचा शब्द मी मोडत नाही. म्हणून पळवाट काढली. बोलायचं नाही म्हणाले, बिस्किटं पाठवायची नाहीत असं कुठं म्हणाले? तू ‘बा’ वाचशील, येशील, आणि मी काही बोलले असं होणार नाही. हा शहाणपणा की निव्वळ लबाडी, यावर डायरीत बरंच लिहिलं आणि खोडलं. उत्तर नकोसं होतं म्हणूनच सापडत नसावं.

मग वेगळीच भीती वाटली. तुझ्या घरात आता कन्नड नाही. उत्कर्षा डबा उघडेल आणि तिला ‘बा’ म्हणजे खेड्यातल्या मराठीतला बाप वाटेल. सोलापूरहून नुसता ‘बा’ लिहिलेला डबा आला तर अप्पांचंच काही झालं असं तुम्हाला वाटेल. म्हणून हे पत्र. अप्पा ठणठणीत आहेत. हा ‘बा’ आपला आहे. ये.

अप्पा तुझी आठवण काढतात, असंही लिहिणार होते. काढत नाहीत. निदान तोंडानं तरी नाही. त्या रविवारी माग सोडवतील तेव्हा ते तिथंच उभे राहणार, आत जाऊन बसा म्हटलं तरी ऐकणार नाहीत. त्यांच्या शेजारी मला एकटीला उभं राहवणार नाही, महेश. त्यांना कोण हवं ते त्यांचं त्यांना माहीत. मला तू हवा आहेस. आलास तर काही बोलू नकोस, समजावू नकोस. नुसता उभा राहा.

इथवर लिहिलं आणि अप्पा आले. टेबलावर बिस्किटं अजून डब्यात भरायची होती. एक उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि वाचलं, ‘बा.’ मग माझ्याकडे बघितलं. ‘यारिगे?’ कोणाला, एवढंच.

उत्कर्षाला, असं म्हणता आलं असतं. मी ‘महेशला’ म्हणाले.

बिस्किट सावकाश खाल्लं. ‘गूळ लई झालाय.’ मग खुर्ची ओढून बसले. ‘पार्सलवर पिन कोड घातलास का?’

मी मोबाइलमध्ये शोधायला लागले.

‘शोधतीस काय त्यात? आण हिकडं.’ पेन घेतलं आणि मला काही न विचारता सहा आकडे लिहिले. शेवटचा आकडा पुन्हा गिरवला.

ते उठून गेल्यावर मी तपासून पाहिला. बरोबर आहे.

पार्सलवरचं अप्पांचं अक्षर आधी नीट बघ, मग काय ते ठरव.

वाट बघत असलेली,
तुझी अक्का