डोनलरावांच्या चार सऱ्या

प्रिय नाना,

तुमचं तेरावं उरकून काल हॅरोला परतलो. तुमच्याशी एक खोटं बोललो होतो. ते फोनवर कबूल करायची सोय आता राहिली नाही, म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तुम्ही इथे आलात आणि चार दिवसांत कंटाळलात! मग एका सकाळी शेजारचे डोनल परसात एकटेच बटाटे काढताना दिसले. तुम्ही पायजमा दुमडलात आणि थेट त्यांच्या वाफ्यात उतरलात. ऐंशीच्या घरातला तो आयरिश म्हातारा नुसता बघतच राहिला. तुम्हाला इंग्रजी येईना, त्यांना मराठी. मधे मी, अवघडलेला दुभाषा. तुमच्या मातीनं भरलेल्या पायांची तेव्हा मला लाज वाटली, नाना!

काम झाल्यावर तुम्ही त्यांना इर्जिक समजावलीत. एखाद्याचं रान अडलं की सगळा गाव आपापली औतं घेऊन येतो, दिवसभरात रान करून देतो आणि त्या घरानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. माझं इंग्रजी अर्ध्यावर असतानाच डोनलनी मांडीवर थाप मारली.

"मेहल! हे तर आमचं मेहल!"

त्यांच्या आजीच्या तोंडचा शब्द होता तो. पुढे मी लायब्ररीत जाऊन शोधला. फार जुन्या आयरिशमध्ये मेहल म्हणजे पीक कापणाऱ्यांची टोळी. नंतर कापणीपुरता अर्थ राहिला नाही. पाळीपाळीनं एकमेकांकडे राबणारे शेजारी म्हणजे मेहल. गवत कापायला, बटाटे लावायला, कशालाही.

"बोलावणं धाडावं लागतं का?" तुम्ही विचारलंत.

"ज्या घरातलं माणूस गेलंय, तिथे नाही," डोनल म्हणाले. मी मराठीत सांगायच्या आधीच तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला कसं कळलं होतं हो?

आणि निघताना मला न विचारता शब्द देऊन बसलात! "डोनलराव, मार्चमध्ये माझा पोरगा तुमचं रान खणून देईल." का नाना? एकदा विचारायचं तरी!

मार्च आला, मी गेलो नाही. आधी ऑफिसची डेडलाइन, मग पाठ, मग नुसताच आळस. खिडकीतून डोनल वाकून खणताना दिसायचे आणि मी पडदा ओढून घ्यायचो. दर रविवारी तुम्ही फोनवर विचारायचात. शेवटी म्हणालो, "हो नाना, सॅटर्डेलाच झालं सगळं खणून!"

"किती सऱ्या निघाल्या रे?"

"आठ."

तुम्ही नुसतं म्हणालात, "बरं." नाना, तो वाफा तुम्ही स्वतः पावलांनी मोजला होतात. त्यात चारच सऱ्या बसतात. ओळखलंत ना तेव्हाच? रागावला का नाहीत? रागावायला हवं होतंत.

काल टॅक्सीतून उतरलो, बॅगा आत टाकल्या आणि मागचं दार उघडलं. तुम्ही केलेला मेथीचा वाफा मी दोन वर्षं तसाच टाकला होता. तो खणलेला होता! तण काढलेलं, ढेकळं फोडलेली. डोनल कुंपणापाशी फावड्याला टेकून उभे होते. त्यांना दम लागला होता.

"तुमच्या घरातलं माणूस गेलं," ते एवढंच म्हणाले.

मला रडू आवरेना. स्मशानात आलं नव्हतं एवढं तिथे आलं. त्यांनी फावडं भिंतीला लावलं आणि मी थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग कुंपणापलीकडे नजर गेली. मार्च संपत आला, पण त्यांच्या स्वतःच्या वाफ्यात अजून तण माजलेलं आहे. यंदा त्यांच्या अंगात एकाच वाफ्याचं बळ होतं, नाना, आणि ते त्यांनी आपल्या वाफ्यावर घातलं.

उद्या रविवार. तुमच्या फोनच्या वेळेला मी डोनलरावांच्या रानात असेन. यंदा, पुढल्या वर्षी आणि ते आहेत तोवर दर मार्चला. दुपारी ते जे वाढतील ते मातीच्या पायांनीच बसून जेवेन. सऱ्या चारच काढीन नाना, पण सरळ काढीन.

तुमचा,
विनू