तानीच्या पायाची पूर्ण गोष्ट

प्रिय निशा,

परवा फोनवर तू म्हणालीस, आई, लांबण नको, इन शॉर्ट सांग. मी फोन कापला. रेंज गेली नव्हती, राग आला होता. आता बसून वाच.

चौथी शिकलेली बाई मी. शेजारच्या पूर्वाला विचारलं, ते इन शॉर्ट म्हणजे नक्की काय गं? ती म्हणाली, मावशी, फापटपसारा गाळायचा, मुद्द्याचं तेवढं ठेवायचं. म्हणजे आपण उखळात भात सडतो तसंच की, कोंडा पाखडायचा, तांदूळ ठेवायचे. त्यात वाईट काय? मला तरी कुणाचं लांबलचक कुठे ऐकवतं. तुझ्या आत्याचं वज्रेश्वरीच्या यात्रेचं पुराण तर ती गरम पाण्याच्या कुंडाला पोचायच्या आतच मी तोडते.

पण तुझ्या नवऱ्याने मानकोलीच्या गोडाऊनात माझ्यापुढे कागद ठेवला, त्यात तांदूळच पाखडून टाकलेत. इन शॉर्ट म्हणे, माझ्यासोबत कामाला असलेली तानी मोबाइलवर बोलत चालली होती, म्हणून तिचा पाय फोर्कलिफ्टखाली आला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही पाहिजे. अगं, आम्हा बायकांचे मोबाइल सकाळी गेटवरच नंबरच्या पिशवीत जमा होतात, सुटताना हातात येतात. तुझ्या भाविकला हे माहीत न्हाय? नियम त्यानेच काढलाय. फोर्कलिफ्टचा भोंगा चार दिवस बंद होता. मी त्याला दोनदा सांगितलं. ड्युटीवर तो मलाही सगळ्यांसारखं मावशीच म्हणतो. म्हणाला, मावशी, इन शॉर्ट, माल थांबला नाही पाहिजे. माल न्हाय थांबला. तानीचा पाय घोट्यापासून गेला. पाड्यावरून रोज तासभर चालत येणारी पोरगी ती.

तू म्हणशील, आई, माझा संसार बघ. बघितला. दोन दिवस दुसरं काही बघितलेलं न्हाय. सही केली तर तुझ्या घरी जेवायला बसेन खरी, पण घास कुठून उतरायचा?

हे पत्र आपल्या गल्लीतल्या दीपेशच्या रिक्षातून आजच पाठवतेय, कारण उद्या सकाळी तानीच्या भावाला घेऊन मी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जाणार. भोंग्याचा, पिशव्यांचा, चार दिवसांचा, सगळा. भाविकचं नाव त्यात येईल. ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको. बोलायचं बंद करायचं असेल तर कर, माझं दार मी लावणार न्हाय. आणि तिथे साहेब म्हणाला ना, बाई, इन शॉर्ट सांगा, तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन.

तुझीच, तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
आई