मास्तरांची हजेरी

४ जानेवारी २०२५
आज सकाळी सामानाची खोकी तशीच बांधलेली ठेवली, बुद्धवंदना म्हटली आणि आधी गच्चीवर जाऊन रेडिओसाठी मास्तरांची तार बांधली. म्हसरूळचं हे भाड्याचं घर मी गच्ची पाहूनच घेतलं. तार दुहेरी, पंचवीस मीटर लांब. दोन पदर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पीव्हीसी पाइपाचे तुकडे. वरच्या पदराच्या मधोमध डबी, तिच्यात रेझिस्टर. मी सेटवर बोलतो तेव्हा जी शक्ती आकाशात जात नाही ती तो गिळतो आणि तापतो. म्हणून ही एकच तार सगळ्या बँडवर, सगळ्या लहरपट्ट्यांवर चालते. एक टोक टाकीच्या खांबाला, दुसरं उतरतं खाली अशोकाच्या झाडाला.

घरमालकीण वत्सलाबाई वर आल्या. म्हणाल्या, "भाऊ, एकटा जीव आणि धुणं वाळवायला एवढी दोरी?" पन्नाशीला आलोय, पण शाळकरी पोरासारखा हसलो.

हॅम रेडिओचा, घरबसल्या बिनतारी गप्पांचा नाद मला गावच्या शाळेतल्या पुंजा मास्तरांनी लावला. तारही त्यांनीच वळलेली. ते गेल्यावर कुसाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, ती माझ्या हवाली केली. चार वर्षं गुंडाळून पडली होती.

६ जानेवारी
सकाळी सातला चाळीस मीटर बँडवर आमची हजेरी असते. पिंपळगावच्या संजनाताई एकेकाचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, पुकारतात, ज्याने त्याने हजर म्हणायचं. आज सगळ्यांचं झाल्यावर कुणीतरी मास्तरांचा कॉलसाइन सांगितला आणि म्हणालं, हजर. तोच खर्जातला आवाज, तीच बारीक खाकर.

अंगाची लाहीलाही झाली. मेलेल्या माणसाची चेष्टा करतात? संजनाताईंनी काहीच ऐकलं नसल्यासारखी हजेरी संपवली. त्याचाही राग आला.

८ जानेवारी
नकला करणारा एकच, पंचवटीचा गोरक्ष. काल त्याच्या दारात जाऊन नाही नाही ते बोललो. तो म्हणाला, "दादा, आधी बस. नकला जित्यांच्या करतो मी, गेलेल्यांच्या नाय. उद्या सकाळी ये, माझ्याच सेटवर ऐक."

आज गेलो. हजेरी स्वच्छ ऐकू आली, मास्तरांचा आवाज नाही. घरी येऊन सेट लावला. पहिला शब्द: हजर.

११ जानेवारी
वीस मीटरवर गेलो. पंधरावर गेलो. दहावर. आवाज तोच, तेवढाच मोठा. ही तार कुठल्याच बँडवर बहिरी नाही. आज तो हजर एवढंच म्हणाला नाही. वर्गात छडी आपटून विचारायचे तसं विचारलं, खोटी हजेरी कुणी लावली?

सेट बंद करून गच्चीवर गेलो. थंडीने कठडा बर्फासारखा. तार खाली ओढून डबीला हात लावला. बोटं भाजली.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. मला भीती नाही, राग आहे.

१३ जानेवारी
लिहितोच.

मास्तरांचा सिग्नल कमजोर. गावाहून संजनाताईंपर्यंत थेट पोचायचा नाही. मी मध्ये बसून त्यांचं म्हणणं पुढे सांगायचो, रिले करायचो. रोज सकाळी, अकरा वर्षं: मास्तर हजर आहेत.

आमच्यातलं कुणी गेलं की हजेरीत त्याचा कॉलसाइन तीनदा पुकारतात. उत्तर कुणी द्यायचं नाही. मग मिनिटभर सगळे सेट मुके. त्या दिवशी मास्तरांचं नाव पुकारलं आणि सवयीने माझं बोलायचं बटण दाबलं गेलं. बोलून गेलो, मास्तर हजर आहेत.

संजनाताईंनी विचारलं, कोण बोललं? मी गप्प. एक माणूस शोकाच्या वेळी रडला नाही, गप्प बसला, आणि चार वर्षं पंचशील, खोटं बोलणार नाही असं, म्हणत राहिला. थू माझ्यावर.

१४ जानेवारी
पक्कड घेऊन गेलो. तार कापणार होतो. कापली नाही. चूक तारेची नाही.

खाली सेट बंद, वायर काढलेली. तरी आवाज. तू हजर म्हणालास, आता मला उठून जाता येत नाही. किती वर्षं बसू या बाकावर?

मीही ओरडलो. वत्सलाबाईंनी दार वाजवलं. उघडलं नाही.

१५ जानेवारी
उद्या सांगणार. सगळ्यांसमोर. नाव गेलं तरी चालेल.

१६ जानेवारी
सांगितलं. तो आवाज माझा होता. मास्तर हजर नव्हते, नाहीत —

संजनाताईंनी पुन्हा तीनदा पुकारलं. मी दात आवळून गप्प. मिनिटभर कुणीच नाही. सुटले मास्तर —

आता रोजची हजेरी चालू. माझा कॉलसाइन आला. हजर म्हणालो.

त्यांनी ऐकलं नाही. पुन्हा पुकारलं. ओरडलो. तिसऱ्यांदा —

मास्तर म्हणाले, ताई, पोराचा सिग्नल कमजोर आहे, मी रिले करतो, तो हजर आहे.

हे ऐकलं त्यांनी. म्हणाल्या, बरं मास्तर, नोंद घेतली.

मी बटण दाबून बसलोय, ओरडतोय, मी इथे, म्हसरूळला, मी जिवं—