तारप्याकडं पाठ

बा, तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच लिहायला बसले. समोर असतास तर मी बोलले नसते, आणि बोलले असते तर भांडण झालं असतं. आपलं दुसरं काय व्हायचं? मी तरी कुठली शिकलेली, सातवी नापास. मुरबाडच्या भाड्याच्या खोलीत गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधून लिहितेय. तू गेलास त्याला बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला सांगावं असं काही घडलं नाय. आता घडलंय. ज्या नाचात मी तुला खुर्चीवर बसवलं, तोच नाच परत बसवायला मला सांगितलंय, आणि या वेळी तारपा फुंकायला तू नाहीस. कुणीच नाय.

बाई खर्डीकडच्या आश्रमशाळेत पहिल्यांदा आल्या तो दिवस तुला ठाऊक आहे. त्यांची मुंबईची नाचाची कंपनी, आठ दिवसांचं शिबिर, आम्हाला रोज केळं आणि बिस्किटाचा पुडा. बाकीच्या पोरी त्यांच्या मागं हात हलवून कंटाळल्या, मी पहिल्याच दिवशी कंटाळले. म्हटलं, बाई, हे काय, माशा हाकलताय? त्या हसल्या. म्हणाल्या, मग तू दाखव. मी आपल्या पाड्यावरची चाल दाखवली, तारपा नव्हता तरी. शिबिर संपल्यावर बाई उंबरमाळीला उतरून पाड्यापर्यंत चढून आल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. आई म्हणाली, पोर नाय द्यायची. तू एकच विचारलंस, "तुमच्याकडं वाजवतो कोण?" बाई म्हणाल्या, टेप असते. तू इतका हसलास की खोकला लागला. "टेपच्या मागं नाचतेत! जा गो, बघून ये. हसून परत येशील." मी परत आले नाय. पाड्यातले म्हणायचे, मुंबईला नाचाय गेली म्हंजे कसली गेली ते समजलं. तू त्यांना म्हणालास, "नाचाय गेली, तुझ्या दारात तांदूळ मागाय तर नाय आली?" हे मला आईनं सांगितलं. तू कधी सांगितलं नाहीस.

तिथं जे झालं ते तुला कधी नीट कळलं नाय, कारण मी सांगितलं नाय. मला लाज वाटायची. मला उड्या जमल्या, लोळणं जमलं, दुसऱ्याच्या पाठीवर चढून उभं राहणं जमलं. एक गोष्ट जमत नव्हती. टेपचा आवाज जिकडून यायचा तिकडं माझं तोंड वळायचं. स्पीकर डावीकडं असला की मी नाचता नाचता डावीकडं फिरायची, बाकी सगळे समोर आणि मी एकटी भिंतीकडं. बाई ओरडायच्या, "लोकांकडे बघ! तिकीट लोकांनी काढलंय, स्पीकरने नाही." मी त्यांना सांगितलं की आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वाजवणारा मधे, नाचणारे भोवती, तो फिरेल तसं फिरायचं, त्याच्याकडं बघतच. पाठ केली तर नाच मोडतो. बाई म्हणाल्या, "इथे मोडत नाही, इथे सुरू होतो." दोन वर्षं लागली माझी मान सरळ व्हायला. दोन वर्षं मी पोरांची चेष्टा सोसली. "सूर्यफूल आलं बघ," म्हणायचे मला.

तू एकदाच बघायला आलास. आम्ही आठ जणं अंधारात उभी, एकेक जण पडतं, मी शेवटची पडते. हॉल चिडीचूप. आणि मागून तुझा आवाज, "अरे पडली ना ती! उचला की कुणीतरी!" लोक हसले. मी जमिनीवर पडलेली, डोळे मिटलेले, आणि हसू दाबताना पोट हलतंय. नंतर बाहेर वडापाव खाताना तू म्हणालास, "चांगलं पडतेस. पण वाजवणारा आला नव्हता का? मुकाट नाचत होतीत." त्या दिवशी मी तुझ्यावर रागावले. आज हा प्रश्न मला कंपनीतल्या कुठल्याही हुशार माणसाच्या प्रश्नापेक्षा हुशार वाटतो.

पस्तिसाव्या वर्षी गुडघ्यातली गादी झिजली. डॉक्टरनं सांगितलं, चाला, पण उडू नका. म्हंजे माझं काम संपलं. बाई म्हणाल्या, आता तू बसव. मला बसवायला येतं की नाय हे कुणी विचारलं नाय, मीही नाय. माझ्याकडं दुसरं होतं काय, म्हणून तुला बोलावलं. तू भोपळ्याचा तारपा गोधडीत गुंडाळून घेऊन आलास, मांडीवर घेऊन बसला होतास, जसं आजारी पोर. सरावाच्या हॉलमधे तू उभा राहिलास, फुंक भरलीस आणि सवयीनं चालायला लागलास. पोरं तुझ्या मागं चालायला लागली. आपोआप गोल झाला. दोन मिनिटं मी पण बघत राहिले.

मग मी टाळी वाजवून थांबवलं. मला खेळाच्या दिवशीचा लाइट दिसत होता, लोक दिसत होते, पहिल्या रांगेत बसणारे दिसत होते. गोल केला तर लोकांना निम्म्यांच्या पाठी दिसणार. मी खुर्ची आणवली, मागच्या कोपऱ्यात ठेवली, तुला तिच्यावर बसवलं. जन्मात तू तारपा बसून वाजवला नव्हतास. पोरांना लोकांकडं तोंड करून उभं केलं. तू दोन फुंका मारल्यास आणि थांबलास.

"पाठ दावतेत गो सगळी."

"चालतं इथं."

"मी कुणाला बघून वाजवू? यांच्या पाठीला?"

"बा, तू वाजव. बसवायचं काम माझं आहे."

नऊ जण ऐकत होते. तू माझ्याकडं बघितलंस, रागानं नाय, एखादा माणूस बस चुकल्यावर रस्त्याकडं बघतो तसं. आणि वाजवलंस. तिन्ही खेळांना वाजवलंस, एकदाही फुंक तुटली नाय. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पेपरात माझा फोटो आला. तुझा कोपरा फोटोत आला नव्हता. त्यानंतर पाच-सात वर्षं जे काम मिळालं ते त्या एका नाचावर मिळालं, हे मी नाकारत नाय.

त्याच साली नवं भात घरात आल्यावर पाड्यातले तुला बोलवायला आले आणि तू म्हणालास, "नाय वाजवत." ते म्हणाले, मुंबईची हवा लागली म्हाताऱ्याला. नाचाला घोळकाठी आपटून ताल देणारा दोन दिवस दारात बसून गेला. मला वाटलं दम लागत असेल. वीटभट्टीचा धुरळा खाऊन खाऊन छाती गेलीच होती तुझी, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरनं पण तेच सांगितलं, आणि मी ते पटकन धरून ठेवलं. तुझे दिवस झाल्यावर आईनं भांडी घासता घासता सांगितलं. माझ्याकडं बघितलं पण नाय. "मला म्हणला होता, पाठींना वाजवून फुंक मेली माझी." आणि तिनं पुढचं भांडं घेतलं.

तुझ्यानंतर पाड्यात कुणी वाजवत नाय. दिवाळीला डीजे येतो. मी आता टोकावड्याच्या शाळेत गॅदरिंगचे नाच बसवते. मोबाइल लावायचा, पोरींनी झेंडे हलवायचे, पुढारी येईपर्यंत ताटकळायचं. त्यात मला राग पण येत नाय आता. आणि गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. बाई म्हाताऱ्या झाल्या, कंपनी बंद होतेय, शेवटी म्हणून तो जुना नाच करायचा आहे. तारप्याचं रेकॉर्डिंग आहे त्यांच्याकडं, तुझंच.

मी गेले ते ठरवून. म्हटलं, आता तरी नीट करीन. स्पीकर मधोमध ठेवला. नवी पोरं, सगळी शिकलेली, पाय माझ्यापेक्षा चांगले. सांगितलं, याच्याभोवती फिरायचं, याला पाठ दाखवायची नाय. तुझा तारपा सुरू झाला आणि पोरं एका काळ्या खोक्याकडं बघत गोल फिरायला लागली. खोकं चालत नाय, वळत नाय, कुणाकडं बघत नाय. कधी वळायचं ते त्यांना कळेना. लाइटवाला म्हणाला, मॅडम, यात समोर कुठली बाजू? एक पोरगी, बरीच गोड, हात वर करून विचारते, "मॅडम, पाठ दाखवली तर काय होतं?" काय सांगू? नाच मोडतो, हे मी तिला सांगणार, मी, जिनं तो मोडून नाव कमावलं? म्हटलं, काय नाय होत. तीन दिवस ओढलं तसंच. चौथ्या दिवशी स्पीकर उचलून कोपऱ्यात ठेवला आणि पोरांना लोकांकडं वळवलं.

बा, हे मी बाईंना सांगितलं नाय, आईला तर कधीच सांगणार नाय. हा कागद पण उद्या चुलीत घालीन. पोरं वळली, तुझ्या आवाजाला पाठ करून पुढं आली, आणि माझ्या अंगावर काटा आला. लाज वाटून नाय. नाच चांगला झाला म्हणून.